उघाडी, पिंप आणि मी

मी रेडिओवर असते असं म्हटलं की समोरचा माणूस आधी डोळे मोठे करतो आणि मग विचारतो, "मग हिरो-हिरॉइनी येत असतील ना स्टुडिओत?" नाही येत. आमच्याकडे नेरूळच्या भजनी मंडळातल्या बायका येतात, मूळव्याधीवर बोलायला वैद्य येतात, आणि एसी बंद पडला की एसीवाला येतो. तोही चार फोन केल्यावर.

मी बोलते तो एका कॉलेजचा रेडिओ आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, उगाच प्राचार्य मॅडमना टेन्शन. मी तिथेच शिकले, विद्यार्थिनी म्हणून माइकसमोर बसले आणि मग उठलेच नाही. लग्न झालं, कामोठ्यात फ्लॅट झाला, मुलगा दहावीला आला, तरी संध्याकाळी पाचचा कार्यक्रम माझाच. आमची अँटेना कॉलेजच्या गच्चीवर आहे आणि ट्रान्समिटरची ताकद बेताचीच. शिरवणे, जुईनगर, सानपाडा इथे आवाज झकास येतो. रबाळ्याकडे हवा बरी असेल तर येतो. कामोठ्यात मात्र मध्ये डोंगर आडवा येतो म्हणून अजिबात येत नाही. त्यामुळे माझ्या सासूबाईंनी मला रेडिओवर कधीच ऐकलेलं नाही. मी कॉलेजात क्लार्क आहे आणि लोकांना उगाच फुशारक्या मारते, असं त्यांचं ठाम मत आहे.

या असल्या छोट्या रेडिओला नियम भरपूर. बातम्या द्यायच्या नाहीत, राजकारण बोलायचं नाही, जाहिराती मोजक्याच. फिल्मी गाणी लावावीत तर हक्कांचा खर्च झेपत नाही. मग उरतं काय? आसपासच्या माणसांनी गायलेलं, वाजवलेलं, बोललेलं. ऐकायला छान वाटतं, पण रोज दोन तास भरायला बसा, म्हणजे कळेल. एका सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाने माउथ ऑर्गनवर वाजवलेलं राष्ट्रभक्तीपर गीत मी इतक्या वेळा लावलंय की त्यातला कोणता काका कुठे खोकतो ते मला पाठ आहे.

अशा दिवसांत मला 'उघाडी' भेटली.

शिरवणे गावात एका हळदीला मी गेले होते, रेकॉर्डर घेऊन. तिथल्या बायकांची हळदीची गाणी रेकॉर्ड करायची होती. ज्यांनी आगऱ्यांची हळद पाहिली नाही त्यांना सांगते, लग्नाला कमी आणि हळदीला जास्त माणसं असतात. मांडवात बँड होता. गिटार, बेस, ड्रम, तीन पोरं. लोक सांगतील ती नाचायची गाणी ते वाजवत होते. मग जेवणाची पंगत बसली, सगळे तिकडे वळले, आणि रिकाम्या मांडवात त्या पोरांनी हळूच आपलं स्वतःचं गाणं काढलं. लग्नघरवाल्यांना कळू नये म्हणून आवाज कमी ठेवून. ऐकणारी मी एकटी, हातात मटणाची प्लेट.

गाणं आगरी बोलीत होतं. 'पानी आयलं, पानी गेलं, बांधाव बापूस हुबा.' एवढेच शब्द फिरून फिरून येत होते, आणि त्याखाली तो बेस असा काही चालला होता की माझा रस्सा गार झाला. मग गाणं चढत चढत गेलं आणि एकदम थांबलं. संपलं असं वाटून मी प्लेट ठेवून टाळ्या वाजवायला हात उचलले, तर गिटारवाल्या पोराने बोट वर करून मला गप्प केलं. सगळं शांत. मग कितीतरी वेळाने ड्रमवर एक ठोका, आणि गाणं परत सुरू. अंगावर काटा आला हो माझ्या. मी तिथल्या तिथे त्या गाण्याच्या प्रेमात पडले, अगदी कॉलेजातल्या पोरीसारखी. हे वयाला शोभत नाही हे मला तेव्हाही कळत होतं.

गिटारवाला तो जनू. गाणी त्याचीच. ड्रमवर निलेश, तो रबाळ्याला कारखान्यात शिफ्टमध्ये. बेस वाजवणारा दर वर्षी बदलायचा, त्याचं सोडा.

"बँडचं नाव उघाडी का रे?" मी विचारलं.

"ताय, तुमी नेरूळला र्‍हाता ना? तुमाला उघाडी म्हायती नाय?"

"मी कामोठ्याला राहते."

"मंग तं म्हायतीच पायजे, तिकडं पन खाडीच हाय," तो म्हणाला.

मला नव्हती माहीत. आमचं मूळ साताऱ्याकडचं. खाडी म्हणजे पूल ओलांडताना नाक दाबायची जागा, एवढीच माझी अक्कल. मग त्याने सांगितलं. पूर्वी इथे खाडीलगत भातशेती होती आणि खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध होते. त्या बांधात लाकडी झडप असायची, ती उघाडी. ओहोटीला झडप आपोआप उघडते आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. भरतीला ती पाण्याच्या दाबाने मिटते. जनूचा बाप गावाची उघाडी सांभाळायचा. भरती बांधाला टेकली की तो पोराला म्हणायचा, आता गप्प बस, कान दे. झडप नीट मिटली असेल तर काहीच ऐकू येत नाही. कुठे फट असेल तर पाणी कुजबुजतं. सगळी शेती त्या गप्प बसण्यावर टिकलेली. पुढे शेती गेली, बांध गेला, तिथे सेक्टर आला, आणि बापही गेला. गाण्यातली शांतता ही त्याची होती.

आता मला सांगा, हे ऐकल्यावर कोण प्रेमात पडणार नाही?

पण प्रेम करणं वेगळं आणि या लोकांकडून एक गाणं रेकॉर्ड करून घेणं वेगळं. स्टुडिओ बुक केला की निलेशची शिफ्ट बदलायची. निलेश मोकळा असला की जनूच्या घरी पाहुणे. दोघं आले की बेसवाल्याने बँड सोडलेला. एकदा तिघेही आले, वेळेवर आले, मला रडू यायचं बाकी होतं, आणि जनू म्हणाला, "ताय, गिटारची वायर घरी र्‍हयली." शिरवणे चार पावलांवर. वायर आणायला गेला तो थेट दुसऱ्या दिवशी उगवला. का, तर वाटेत काकाने म्हशीच्या डॉक्टरकडे पाठवलं. नवी मुंबईत म्हैस! काय बोलायचं?

शेवटी एकदाचं झालं रेकॉर्डिंग. मी गुरुवारच्या कार्यक्रमात ते लावायचं ठरवलं, चार दिवस आधीपासून जाहीर केलं. आणि इथे आमचे सावंत सर येतात.

सावंत सर म्हणजे आमचे इंजिनियर. सज्जन माणूस, पण नियमाला चिकटला की गोंदासारखा. रेडिओत सगळ्यात मोठं पाप म्हणजे शांतता. शिवी गेली तर माफी मागता येते, पण शांतता गेली तर ऐकणाऱ्याला वाटतं स्टेशन बंद पडलं, आणि तो बटण फिरवतो. तो परत येत नाही. पूर्वी एकदा एक विद्यार्थी लांबलचक भाषण लावून वडापाव खायला गेला, भाषण मध्येच अडकलं आणि बराच वेळ नेरूळभर नुसती शांतता पसरली. त्या दिवसापासून सरांनी कॉम्प्युटरवर एक पहारेकरी बसवला. आवाज ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबला की तो आपोआप एक ठेवणीतली क्लिप वाजवतो. सरांनी त्यात काय ठेवलं होतं, तर डेंग्यूच्या मोहिमेसाठी केलेली एक सूचना. आवाज माझाच. शाळेतल्या पीटीच्या बाईसारखा खणखणीत: "पिंप झाका! उघड्या पाण्यात डास होतात. पिंप झाका!"

तुमच्या लक्षात आलंच असेल.

गुरुवारी गाणं लागलं. चढलं. थांबलं. मी डोळे मिटून बसले होते. आणि त्या पवित्र शांततेच्या मध्यावर माझाच आवाज माझ्या कानात किंचाळला, पिंप झाका! सूचना संपते न संपते तोवर ड्रमचा ठोका पडला आणि गाणं पुढे सुरू झालं, जणू काही घडलंच नाही.

मी तावातावाने सरांकडे गेले. "सर, त्याची वेळ वाढवा. गाण्यात मुद्दाम थांबलंय ते."

"मॅडम, यंत्राला मुद्दाम कळत नाही."

"मग बंद करा ना तेवढ्यापुरता."

"आणि परत चालू करायला विसरलो तर? पुन्हा वडापाव?"

मग मी जनूकडे गेले. "अरे, त्या शांततेखाली बारीक काहीतरी वाजव. नुसता तंबोरा ठेव. कुणाला कळणार नाही."

"मना कळंल ना."

"निदान अर्धी कर."

"ताय, भरती अर्धी टेकते काय?" असं म्हणून तो जो फुगून बसला तो पुढे आठवडाभर फोन उचलेना.

एकीकडे यंत्र, एकीकडे कलावंत, आणि मधे मी, इकडे आड तिकडे विहीर. शेवटी मी एक शक्कल लढवली. गाणं थांबलं की माझा माइक उघडायचा आणि पेनाने टेबलावर अगदी हळू टकटक करायची, म्हणजे पहारेकऱ्याला वाटेल आवाज चालू आहे. एका गुरुवारी केलं. गाणं संपताच जनूचा फोन. "ताय, ते सुतारकाम कोन करतंय?" ती शक्कलही संपली.

मग काय करणार? गाणं लावायचं बंद करायचं? ते माझ्याच्याने होईना. मी दर गुरुवारी लावत राहिले, पिंपासकट. पिंपाच्या वेळी हेडफोन काढून ठेवायचे, ठोका पडला की घालायचे. प्राचार्य मॅडमनी एकदा हटकलंच, "सीमा, दुसरा बँड नाही का आपल्याकडे?" मी म्हटलं, "आहे ना मॅडम, माउथ ऑर्गन." त्यांनी विषय बदलला.

ऐकणाऱ्यांचं म्हणाल तर या गाण्यावर कधी कुणाचा फोन आला नाही. एरवी फोन येतात हो. जुईनगरचा एक वॉचमन रोज फोन करून किती वाजले विचारतो. घड्याळ आहे त्याच्याकडे, पण त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचं असतं. शिरवण्यात माझे ब्लाउज शिवणाऱ्या मंदाताई आहेत, त्या मशीन चालू ठेवूनच बोलतात, त्यामुळे दोघींनाही काही ऐकू येत नाही. पण 'उघाडी'बद्दल अवाक्षर नाही. आला तो एकच फोन, एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा. "मॅडम, तुमची पिंपाची सूचना उत्तम आहे. पण तिच्या आधी आणि नंतर ते रडगाणं कशाला लावता?"

हे मी जनूला सांगितलं नाही. पण त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती. हळदीचा सीझन आला की त्याला दिसायचंच. लोकांना नाचायची गाणी हवी. आताशा तर बँडही नको, डीजेचे मोठे मोठे बॉक्स पुरतात. जनूच्या चुलतभावाचा तोच धंदा जोरात होता. एक दिवस जनू स्टुडिओत आला, वेळेवर आला, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"ताय, बास झाला आता. गिटार इकतंय. भावासंगती डीजेला जातंय. निलेश पन बोलला, त्याला पन कंटाला आयलाय."

"आणि गाणी?"

"कोनासाठी? तू लावतेस, तूच ऐकतेस." मग तो शांतपणे म्हणाला, "एक मानूस दाखव. एक. ज्याला माझा गाना म्हायती हाय. नाव सांग."

 दोन तास न थांबता बोलणारी बाई मी, पण मला एक नाव सांगता आलं नाही. इतका राग आला मला. त्याचा, सावंत सरांचा, त्या पिंपाचा, इतकी वर्षं भिंतीशी बोलणाऱ्या माझाही. मी म्हटलं, "जा मग. वाजव बॉक्स." तो गेला, आणि मी पाचच्या कार्यक्रमात माउथ ऑर्गन लावून आतल्या खोलीत जाऊन रडले.

चार दिवसांनी त्याचाच फोन आला. भाचीची हळद होती शिरवण्यात, मामाने वाजवायला पाहिजे असा तिचा हट्ट. "हा शेवटचा. तू ये. तुझ्यासाठी तो गाना वाजवतंय, मंग बंद."

मी गेले. सासूबाईंना सांगितलं, ऑफिसचं काम आहे. मांडव भरलेला, हळदीने पिवळी झालेली नवरी, ढोलांवर पोरं नाचतायत. निलेश शिफ्ट संपवून तसाच कंपनीच्या कपड्यांत आला होता. त्यांनी तासभर सगळ्यांची गाणी वाजवली. पंगत बसली. लोक नेहमीप्रमाणे जेवणाकडे वळले आणि जनूने माझ्याकडे बघून मान हलवली.

पानी आयलं, पानी गेलं.

मी एकटीच समोर उभी होते. मागे वाढप्यांचा आरडाओरडा, भाकऱ्या आणा, वडे संपले. गाणं चढलं. मला वाटलं, आज निदान एकदा तरी ही शांतता पूर्ण ऐकायला मिळेल, इथे सावंत सरांचा पहारेकरी नाही. जनूने हात तारांवर आडवा ठेवला. सगळं थांबलं.

आणि पंगतीतून एका बाईचा आवाज आला, "पिंप झाका!"

बघते तर मंदाताई. एका हातात भाकरी, आणि आवाज हुबेहूब माझा, पीटीच्या बाईचा. तेवढ्यात चुलीकडून दुसरी ओरडली, "उघड्या पान्यात डास व्हतात!" आणि मग सगळी पंगत, वाढपी, कडेवरच्या पोरांना भरवणाऱ्या आया, नवरीचे काका, अख्खा मांडव एका सुरात, "पिंप झाका!" आणि बरोबर, अगदी बरोबर त्याच्यानंतर शंभर माणसं गप्प झाली. ठोका पडायची वाट बघत. कारण त्यांना माहीत होतं की आता ठोका पडतो.

तो पडलाच नाही. निलेशचा हात वरच राहिला होता. जनूचं तोंड बघण्यासारखं होतं. मला वाटलं, आता हा गिटार फेकतो आणि मला पण. तो एकेकाकडे बघत होता. मग पंगतीतून कुणीतरी म्हातारा ओरडला, "अरे वाजीव ना रं! पुढं बापूस येतंय ना!"

जनू रडत होता. निलेशने ठोका दिला, जनूला सूर सापडेना, तर बायकांनीच पुढची ओळ उचलली. ब्लाउज शिवताना, वडे थापताना, दुकानात बसून, दर गुरुवारी कानावर पडलेली. फोन कोणी केला नव्हता, कारण गाणं आवडलं तर रेडिओला फोन करून सांगायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मंदाताईंना विचारलंही नंतर. "अगं फोन कशाला? तू लावतेसच ना," त्या म्हणाल्या. तेवढ्यात एक पोरगी आईला म्हणाली, "आई, ह्या बघ, ह्या पिंपवाल्या बाई." मग माझ्याबरोबर फोटो काढायला रांग लागली. हिरॉइनीचा मान असा मिळाला, पिंपामुळे.

गिटार विकली नाही. भावाच्या डीजेला तो जातो अधूनमधून, पोट आहे शेवटी. पण आता हळदीला पंगत बसायच्या आधी 'ते गाणं' सांगितलं जातं.

ही सगळी हकिकत मी सावंत सरांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि वायरी गुंडाळायला लागले. पण पुढच्या गुरुवारी मी कार्यक्रमाला बसले तर काचेपलीकडून म्हणाले, "मॅडम, तुमच्या गाण्यापुरती सूट दिली आहे. आज शांतता पूर्ण जाईल." मला इतकं भरून आलं की मी त्यांना थँक यू म्हणायचंही विसरले. गाणं लागलं. थांबलं. हेडफोन कानावर ठेवून मी ऐकत राहिले. कुठेही काही कुजबुजत नव्हतं. झडप नीट मिटलेली. एवढी वर्षं जिच्यासाठी भांडले ती शांतता पहिल्यांदाच नेरूळभर गेली.

ठोका पडायच्या आत फोन वाजायला लागला. वॉचमन. "मॅडम, पिंप गेलं कुठे?" त्याने वेळ विचारली नाही, हे पहिल्यांदाच झालं. मग मंदाताई, मशीन बंद करून. "मशीन बिघडलं काय गं तुमचं?" मग तो सेक्रेटरी. "सूचना का काढली?" मी कपाळाला हात लावून बसले. चौथा फोन जनूचा.

"ताय, पिंप कुठं हाय?"

"अरे तूच ना शांततेसाठी हट्ट धरून बसायचास! भरती अर्धी टेकते काय म्हणून मला ऐकवलंस!"

"ते जुना झाला," तो म्हणाला. "बापूस पन गप बस बोलाचा, तवा आय मागून ओरडाचीच काहीतरी. तू बोल."

तेव्हापासून दर गुरुवारी गाणं थांबलं की मी माइक उघडते, घसा साफ करते आणि ओरडते. पहारेकरी काचेपलीकडे बसून हसतो, म्हणजे सावंत सर. जनूने नवं रेकॉर्डिंग केलं, त्यातही मला स्टुडिओत उभं करून ते एक वाक्य बारा वेळा घेतलं. मी वेळेवर गेले होते. तो दीड तास उशिरा आला.

परवा आमच्या कामोठ्यात, मागच्या गल्लीत हळद होती. आमचा रेडिओ जिथे पोचत नाही तिथे ते गाणं कुणाच्या तरी मोबाइलमधून पोचलं होतं. बॉक्सवर लागलं. सासूबाई खिडकीत कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. गाणं चढलं, थांबलं, आणि सगळ्या गल्लीत माझा आवाज घुमला. खालून शंभर माणसांनी माझ्यामागून ओरडून साथ दिली.

सासूबाईंनी कोथिंबीर खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं.

"तू होतीस ना ही?"

मी मान हलवली. त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या, पुढचा ठोका पडेपर्यंत ऐकत राहिल्या, आणि मग उठून आत गेल्या. मोरीतल्या पिंपावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.